हिवाळ्यासाठी बेरींच्या रसाची बेगमी: तीन मजली वाफेचं भांडं घ्यावं का?

जर्मनीत जून संपत आला की योहानिसबेरेची, म्हणजे करंट जातीच्या बेरीची, झुडपं लालेलाल होतात. 24 जून हा तिथला योहानिस्टाग, म्हणजे सेंट जॉनचा दिवस. त्याच सुमाराला पिकतात म्हणून या बेरींना हे नाव पडलं. फळ टपोरं, पारदर्शक आणि करवंदाला लाजवेल असं आंबट. भाड्याच्या घरामागे घरमालकानं कधीतरी लावलेली दोन झुडपं असली तरी आठवड्याभरात पाच-सहा किलो फळ हाती येतं. एवढं आंबट फळ ताजं खाऊन संपत नाही आणि दर वर्षी वीस बाटल्या जॅम करून कुणी खातही नाही. म्हणून हा रस काढायचा, बाटल्यांत बंद करायचा आणि नोव्हेंबर ते मार्च पुरवायचा. इथल्या घरांमध्ये या कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या एक भांडं वापरतात, त्याचं नाव डाम्फएन्टसाफ्टर. आपण त्याला रसपात्र म्हणू, कारण ते मोदकपात्राचंच थोरलं भावंड आहे.

हे परीक्षण 26 सेंटिमीटर व्यासाच्या, स्टेनलेस स्टीलच्या, घरगुती आकाराच्या रसपात्राचं आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे असे नग जवळजवळ एकाच नमुन्याचे असतात, त्यामुळे इथे कंपनीपेक्षा भांड्याची घडण आणि वापर यांवर बोलणं जास्त उपयोगाचं. किंमत साधारण 60 ते 120 युरोंच्या दरम्यान.

घडण सोपी आहे. सगळ्यात खाली पाण्याचं पातेलं. त्यावर रस जमण्याचं भांडं, ज्याच्या मध्यभागी धुराड्यासारखा वर आलेला पोकळ सुळका असतो. वाफ या सुळक्यातून वर जाते. त्यावर भोकांची जाळी, तिच्यात फळं, आणि वर झाकण. वाफ लागली की फळाच्या पेशी फुटतात, रस ठिबकत मधल्या भांड्यात उतरतो आणि तिथल्या तोटीला लावलेल्या सिलिकॉनच्या नळीतून थेट बाटलीत काढता येतो. फळ पिळायचं नाही, गाळायचं नाही, पंचात बांधून रात्रभर टांगायचं नाही. योहानिसबेरेचे घोस तर देठांसकट टाकले तरी चालतात. ज्यानं दोन किलो बेरी काट्यानं एकेक ओरबाडून काढल्या आहेत, त्याला या एका सोयीची किंमत कळेल.

आता प्रत्यक्ष वापर. जाळीत साधारण पाच किलो योहानिसबेरे मावतात. धुऊन, पाणी पूर्ण निथळू द्या; ओल्या फळांतलं पाणी रसातच उतरतं. थर लावत 500 ते 600 ग्रॅम साखर मधे मधे भुरभुरा. साखरेमुळे रस लवकर सुटतो, पण रस टिकतो तो साखरेमुळे नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. साखर टिकवण्याचं काम करते ती पाकाइतकी दाट असेल तरच. आपल्याकडच्या सरबताच्या पाकात किंवा महाबळेश्वरच्या क्रशमध्ये साखरेचं प्रमाण तेवढं असतं, शिवाय सायट्रिक ॲसिड असतं. कोकमाच्या आगळात ते काम मीठ करतं. इथे मात्र सगळी मदार तीन गोष्टींवर: फळाचा स्वतःचा आंबटपणा, उष्णता आणि हवाबंद झाकण. म्हणून साखर अगदी वगळली तरी रस टिकतो, फक्त पिताना तोंड वाकडं होतं.

खालच्या पातेल्यात तीन ते साडेतीन लिटर पाणी घ्या आणि फळं धुण्याआधीच ते उकळायला ठेवा, वेळ वाचतो. पाण्याला खळखळून उकळी आली की वरचे दोन मजले चढवा. वेळ मोजायची ती झाकणाखालून वाफ दिसायला लागल्यापासून. योहानिसबेरे, ब्लॅकबेरी यांना 45 मिनिटं, आंबट चेरीला तेवढीच किंवा थोडी जास्त, सफरचंदाच्या फोडींना तासभर, आणि क्विन्स या सफरचंदासारख्या, पण दगडासारख्या टणक फळाला दीड तास. चेरीच्या बिया काढायची गरज नाही, पण बी फुटता कामा नये. क्विन्सवरची लव मात्र कोरड्या फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर रसाला कडवट झाक येते.

यातली एक पायरी बहुतेक जण वगळतात, आणि सगळा फरक तिथेच पडतो. वेळ संपायला पाच-दहा मिनिटं उरली की नळीतून अर्धा लिटर रस एका पातेल्यात काढा आणि तो परत जाळीतल्या फळांवर ओता. याची दोन कारणं. एक, सुरुवातीला थंड फळांवर वाफेचं पाणी होतं आणि ते रसात मिसळतं. साखरही सारखी उतरलेली नसते. रस फिरवला नाही तर पहिली बाटली पाणचट आणि शेवटची दाट असा प्रकार होतो. दुसरं, हा कढत रस नळीतून गेला की नळी आतून निर्जंतुक होते. नळी हा या भांड्यातला सगळ्यात दुबळा भाग. तिच्यात अडकलेला थंड, कालचा थेंब पूर्ण बाटली नासवू शकतो.

बाटल्या भरण्याची दहा मिनिटं हे खरं कौशल्याचं काम. बाटल्या आधी सोड्यानं धुऊन, मग गरम पाण्यात किंवा ओव्हनमध्ये तापवून ठेवलेल्या हव्यात. थंड काचेत कढत रस ओतला की बूड तडकन सुटतं. ओल्या जाड फडक्यावर बाटली ठेवा. ती ओट्यावर ठेवून चालत नाही, तोटीपेक्षा खाली हवी, म्हणून शेजारी एक भक्कम स्टूल लागतं. नळीचं टोक बाटलीत बुडापर्यंत सोडा, नळीवरचा, धार अडवणारा चिमटा हळूहळू उघडा. वरून धार धरली तर फेस होतो आणि फेस म्हणजे हवा. गळ्यापर्यंत नाही, अगदी काठोकाठ भरा. वर आलेला फेस चमच्यानं काढा, लागल्यास दोन चमचे रस घाला, आणि लगेच झाकण लावा. पुढची बाटली त्यानंतर.

स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर एकदा तपासा: बाटलीत पडणारा रस 80 अंश सेल्सिअसच्या खाली असता कामा नये. बेरी गार होत्या, आच कमी होती, किंवा बाटल्या शोधण्यात वेळ गेला तर मधल्या भांड्यातला रस निवतो. अशा वेळी तो स्टीलच्या पातेल्यात काढून पुन्हा तापवा आणि नरसाळ्यानं भरा. कंटाळा करू नका. जानेवारीत बाटली उघडताना फुस्स असा आवाज आला, तर त्याचं मूळ बहुधा या निवलेल्या रसात सापडतं.

झाकणाचे दोन प्रकार. फिरकीची पत्र्याची झाकणं, जी दर वर्षी नवी घ्यावीत. आतला रबरी थर एकदा दबला की पुन्हा भरवशाचा नसतो. ही लावल्यावर बाटली पाच मिनिटं आडवी करा, म्हणजे झाकणाच्या आतल्या बाजूलाही कढत रस लागतो. दुसरा प्रकार इथला खास, लाल रबरी टोपी. टोपी पाच मिनिटं उकळायची, पाण्यातून थेट उचलून काठोकाठ भरलेल्या बाटलीवर ताणून बसवायची. रस निवायला लागला की आत निर्वात तयार होतो आणि टोपीचा माथा हळूहळू आत ओढला जातो, पोट खपाटीला जावं तसा. बाटली बंद झाली की नाही हे लांबूनही दिसतं: खळगा पडलेली टोपी म्हणजे सगळं ठीक. सकाळी एखादी टोपी सपाट दिसली तर ती बाटली फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा. महिन्याभरानं खळगा भरून टोपी फुगली असेल तर आत आंबायला लागलंय. चाखूनही बघू नका, मोरीत ओता. बुरशी दिसली तरी तेच. वरचा थर काढून उरलेला रस वापरण्याची काटकसर इथे नको.

आमचा कौल रबरी टोपीला. ती न फाटता बरीच वर्षं वापरता येते, जुन्या काचेच्या बाटल्यांवर बसते आणि खोटं बोलत नाही.

आता या भांड्यात काय बिघडतं ते. पहिला धोका खालचं पाणी आटण्याचा. दीड तासाच्या क्विन्सला तीन लिटर पाणी कमी पडू शकतं आणि वरचे मजले उचलून बघणं जड आणि धोक्याचं. मोदकपात्रात नाणं टाकायची आपली जुनी युक्ती इथे चपखल बसते: पाण्यात एक स्वच्छ नाणं टाका, ते खडखडत राहतं तोवर पाणी आहे. आवाज बदलला की लगेच आच बंद. पाणी घालायचं ते उकळतंच. गार पाणी घातलं तर वाफ थांबते आणि मोजलेली वेळ वाया जाते.

दुसरा घोटाळा मधल्या भांड्याचा. त्यातला रस सुळक्याच्या टोकापर्यंत चढला की थेट खालच्या पाण्यात सांडतो, आणि वरून काहीच कळत नाही. पाच किलो योहानिसबेरेतून अडीच ते तीन लिटर रस निघतो, तो बहुतेक नगांत मावतो, पण मधे फळांची भर घालणार असाल तर आधी रस काढून घ्या. खालचं पाणी गुलाबी दिसलं तर समजा, रस वाहून गेला.

तिसरा म्हणजे ढवळण्याचा मोह. फळं बसली, आकसली की चमचा फिरवावासा वाटतो. फिरवू नका. भोकांतून गर उतरतो, रस गढूळ होतो आणि बाटलीच्या तळाशी गाळ बसतो. रासबेरीसारख्या लिबलिबीत फळाची जाळी तर आपोआपच गरानं बुजते. ती घालायची तर योहानिसबेरेच्या थरांत मिसळून.

चौथी तक्रार नव्यानं करणाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते: बाटलीतून रस बाहेरच येत नाही, आत थलथलीत जेली झाली आहे. योहानिसबेरे आणि क्विन्स यांच्यात पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारं द्रव्य, भरपूर असतं. आंबटपणा आणि साखर यांची जोड मिळाली की ते गोठतं. रस खराब झालेला नसतो. बाटली गरम पाण्यात उभी ठेवून हलवली की सुटतो. पुढच्या वेळी साखर फळांत न घालता पिताना पेल्यात घाला.

कुठल्या फळाला हे भांडं साजतं आणि कुठल्याला नाही, यावर आमचं मत ठाम आहे. आंबट, गडद, कातडीत रंग असलेलं फळ असेल तर याला तोड नाही. काळी योहानिसबेरे तर जणू या भांड्यासाठीच जन्मली: रंग कोकमासारखा गर्द, वास उग्र आणि हिवाळाभर टिकणारा. रुबार्ब या रोपाचे आंबट देठ तीन सेंटिमीटरचे तुकडे करून 45 मिनिटं वाफवले तर फिक्या गुलाबी रंगाचा रस मिळतो, आणि त्यात वेलची, केशर आणि गूळ घातला की कैरीच्या पन्ह्याची तहान बऱ्यापैकी भागते. रुबार्ब 24 जूननंतर तोडत नाहीत. झाडाला पुढच्या वर्षासाठी उसंत हवी आणि देठांतलं अपायकारक ऑक्झॅलिक ॲसिडही वाढत जातं. पानं कधीच खायची नाहीत.

आरोनिया आणि श्लेहे या गडद, तुरट बेरी. दोन्ही फळांनी जीभ जांभळानं आखडावी तशी आखडते. श्लेहे पहिलं दव गोठल्यानंतर, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोडतात, कारण थंडीनं त्याचा तुरटपणा उतरतो. आरोनियाला तोच परिणाम फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवून मिळवता येतो. तरीही नुसता रस पिववत नाही. एक वाटी आरोनियाला चार वाट्या सफरचंदाचा रस, हे प्रमाण आम्हाला योग्य वाटतं.

स्ट्रॉबेरीसाठी मात्र रसपात्र वापरू नका. तासभर वाफेत तिचा रंग विटतो, वास शिजवलेल्या जॅमचा येतो. तिचं क्रश करा किंवा सरळ गोठवा. आणि सफरचंदं पन्नास किलोंच्या वर असतील तर रसपात्रापाशी चार दिवस उभं राहण्यात अर्थ नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात गावोगावच्या मोस्टेराय, म्हणजे फळांचा रस काढून देणाऱ्या गिरण्या, चालू होतात. स्वतःची सफरचंदं घेऊन जायचं. ते पिळून, 80 अंशांच्या आसपास तापवून, पाच किंवा दहा लिटरच्या तोटीच्या पिशवीत भरून देतात. पिशवी उघडल्यावर हवा आत शिरत नाही, त्यामुळे रस दोन महिने सहज टिकतो. चवही रसपात्रातल्या सफरचंदापेक्षा कितीतरी ताजी.

होलुंडर, म्हणजे एल्डरबेरी, याबद्दल वेगळं आणि गंभीरपणे लिहायला हवं. ऑगस्टअखेर रस्त्याकडेला काळ्याभोर बेरींचे झुबके लटकतात. इथल्या घरांत सर्दी-खोकल्याला त्याचा कढत रस देतात, जसा आपल्याकडे आल्याचा काढा. पण होलुंडर न शिजवता खायचा नसतो. त्यात सांबुनिग्रिन नावाचं द्रव्य असतं, मळमळ आणि उलट्या होतात. कच्च्या हिरव्या बेरी आणि देठ यांत ते जास्त, म्हणून देठांसकट टाकायची सवलत इथे नाही. जेवणाच्या काट्यानं झुबका वरून खाली विंचरा, काळे मणी पटापट गळतात, हिरवे देठालाच राहतात. जे हिरवे पडतील ते वेचून टाका. जुना कपडा घाला, हा डाग निघत नाही. त्याचं विषारी भावंड आटिश ओळखायला शिका: ते झुडूप नसून दरवर्षी जमिनीतून उगवणारं, माणसाच्या उंचीचं रोप असतं आणि त्याचे झुबके वरच्या दिशेला ताठ उभे राहतात. खऱ्या होलुंडरचे पिकल्यावर खाली लोंबतात.

दुसरी गोष्ट आंबटपणाची. बंद बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जिवाणू वाढू नयेत म्हणून पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), 4.6 च्या खाली हवा. योहानिसबेरे, रुबार्ब, आंबट चेरी यांना काळजी नाही. होलुंडरचा आंबटपणा मात्र प्रत्येक झुडपाचा वेगळा आणि भरवशाचा नसतो. तळघरात वर्षभर ठेवायच्या बाटल्या आम्ही निव्वळ होलुंडरच्या करा असं सांगणार नाही. त्याचा रस डब्यांत किंवा बर्फाच्या साच्यांत गोठवा आणि लागेल तसा काढा. गाजर, बीट, कलिंगड यांचे रसही याच कारणानं शेल्फवर नकोत.

बंद बाटल्या अंधाऱ्या, गार जागी वर्षभर चांगल्या राहतात. उजेडात रंग आधी विटतो, चव मागोमाग. जर्मन घरांतलं केलर, म्हणजे तळघर, याला उत्तम. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये चार-पाच दिवस. हिवाळ्यात एका वाटी रसाला एक वाटी पाणी, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि चिमूटभर सुंठ घालून वाफ येईपर्यंतच तापवा, उकळू नका. काळ्या योहानिसबेरेत भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि पादेलोण घातलं, तर डिसेंबरच्या चार वाजताच्या अंधारातही कोकम सरबताची आठवण येते.

जाळीत उरलेला चोथा टाकू नका. योहानिसबेरेचा चोथा बिया-देठ अडवणाऱ्या हातचक्कीतून फिरवा, त्यात शिजवलेल्या सफरचंदाचा गर मिसळा, तूप लावलेल्या ताटात पातळ पसरा आणि ओव्हनमध्ये 60 अंशांवर दार किंचित उघडं ठेवून सात-आठ तास वाळवा. आंबापोळीसारखी पोळी सुटते, फक्त जास्त आंबट.

विकत घेताना काय पाहावं? ॲल्युमिनियमचा स्वस्त नग नको. आंबट रस त्या धातूशी लागतो, भांडं काळं पडतं आणि रसाला धातूची चव येते. इनॅमलचा मुलामा दिलेला जुना नग सेकंडहँड बाजारात वीस-पंचवीस युरोंना मिळतो आणि उत्तम चालतो, पण सुळक्याच्या कडेला आणि तोटीच्या मुळाशी मुलामा उडालेला असेल तर तिथे गंज धरतो, तो घेऊ नका. इंडक्शनवर वापरायचा असेल तर बुडाला चुंबक लावून बघा, मुलाम्याच्या भांड्याचं बूड सपाट आहे ना तेही तपासा. भरलेलं रसपात्र बारा किलोंच्या पुढे जातं, तेव्हा काचेच्या शेगडीवर ते उचलून ठेवा, ओढू नका. कड्या स्टीलच्या असतात, त्या भयंकर तापतात; झाकण उघडताना वाफ आपल्याकडे न येता पलीकडे जाईल असं तिरकं धरा.

वर्षाला तीन-चार किलोंपेक्षा कमी बेरी मिळणार असतील तर हे भांडं घेऊ नका, मोदकपात्राच्या चाळणीखाली खोल पातेलं ठेवूनही तेवढा रस निघतो, थोडा पाणचट निघेल इतकंच. त्याहून जास्त मिळत असतील, तर हळूहळू पैसे वसूल होतात. भांड्यासोबतच एक जादा नळी आणि एक जादा चिमटा मागवा. नळी दोन-तीन हंगामांत कडक होते, तोटीवर सैल बसते, आणि ती निसटते तेव्हा मधल्या भांड्यात तीन लिटर कढत रस असतो.